बॅकलिट, ट्रान्सलाइट की ग्लो साइन? उजेडाच्या बोर्डाची ऑर्डर लिहिताना

सांगली-मिरजेत बोर्डाच्या धंद्यात नव्याने उतरणारी पोरं डिझाइन पटकन उचलतात, मशीनही हाताळायला शिकतात. अडतं ते ऑर्डर लिहिताना. गिऱ्हाईक म्हणतं "लाइटवाला बोर्ड", कुपवाडचा फॅब्रिकेटर म्हणतो "ग्लो साइन", मुंबईचा पुरवठादार फोनवर विचारतो "ट्रान्सलाइट पाहिजे का बॅकलिट फिल्म?", आणि ऑनलाइन शोधायला जावं तर पडद्यावर चौथंच काहीतरी येतं. फिल्म, फ्रेम, मॉड्यूल (म्हणजे एलईडी दिव्यांचे छोटे तुकडे) यांतलं बरंच सामान बाहेरगावाहून, हात न लावता, चार इंग्रजी शब्दांच्या भरवशावर मागवलं जातं. त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुरवठादार म्हणतो, तुम्ही लिहिलं तेच पाठवलं. आणि तो खरं बोलत असतो.

म्हणून या शब्दांची एक रीत लावून घ्या. वस्तूचं नाव आधी शोधू नका. आधी उजेड कुठून येतो ते ठरवा, मग चित्र कशावर छापायचं ते, मग कुठल्या बाजूने छापायचं ते. नाव शेवटी लिहायचं.

पहिली पायरी: चित्र छापलेलं आहे का?

गिऱ्हाईक "एलईडी बोर्ड" म्हणालं की पेन खाली ठेवा आणि विचारा, "दादा, चित्र बदलणार आहे का एकच राहणार?" कारण सांगलीच्या बाजारात "एलईडी बोर्ड" या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. मागे एलईडी लावलेला छापील फोटो, ही एक. लाल अक्षरं सरकत जाणारी पट्टी, ही दुसरी. चौकात व्हिडिओ दाखवणारा मोठा पडदा, ही तिसरी.

सरकती पट्टी आणि व्हिडिओचा पडदा यांत छपाईच नसते. तिथे शब्द वापरायचा "एलईडी डिस्प्ले" किंवा "एलईडी स्क्रीन", आणि सोबत पिच लिहायचा. पी-१० म्हणजे दोन ठिपक्यांच्या केंद्रांमध्ये १० मिलिमीटर अंतर, पी-३ म्हणजे ३ मिलिमीटर. आकडा लहान तितकं चित्र जवळून स्वच्छ, आणि पैसे जास्त. उभ्या पेटीत टीव्हीसारखा पडदा असेल तर ती "डिजिटल स्टँडी". तिच्यावरही आपल्याला काही छापायचं नसतं. या लेखात पुढे जे आहे ते फक्त छापील चित्राचं.

दुसरी पायरी: उजेड कुठून येतो?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

फ्लेक्सच्या भाषेत "फ्रंटलिट" म्हणजे साधा बॅनर. त्याच्यातून उजेड आरपार जावा अशी अपेक्षा नसते. रात्री दाखवायचा असेल तर समोरून किंवा वरून हॅलोजन, फोकस मारायचा. "बॅकलिट" म्हणजे ज्याच्या मागे दिवे लावायचे आणि उजेड चित्रातून गाळून पुढे आणायचा ते कापड. इथपर्यंत सरळ आहे.

आता अक्षरांकडे या. सराफाच्या किंवा हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर सुटी, जाडीची अक्षरं लावतात, ज्यांना "थ्री-डी लेटर" किंवा "चॅनल लेटर" म्हणतात. त्यांच्या बाबतीत हेच दोन शब्द उलटे फिरतात. "फ्रंट-लिट लेटर" म्हणजे ज्याच्या आत दिवा आहे आणि समोरचा अ‍ॅक्रेलिकचा चेहरा उजळतो ते अक्षर. "बॅक-लिट लेटर" म्हणजे ज्याचा चेहरा धातूचा, बंद आहे, आणि उजेड मागच्या बाजूने भिंतीवर पडतो ते. फ्लेक्समध्ये "लिट" शब्दाआधी दिव्याची जागा सांगतात, अक्षरांत उजेड कुठे बाहेर पडतो ते सांगतात. त्यामुळे "बॅकलिट पाहिजे" एवढंच लिहून फोटो असलेला बोर्ड आणि नावाची अक्षरं एकाच ऑर्डरमध्ये मागवलीत, तर फोटो बरोबर येईल आणि अक्षरं अंधाऱ्या तोंडाची येतील.

उपाय साधा आहे. अक्षरांसाठी "बॅक-लिट" शब्द टाळा. चेहरा उजळायला हवा असेल तर "फेस-लिट" लिहा, भिंतीवर उजेड हवा असेल तर "हेलो-लिट" लिहा. हे फोनवरचं हॅलो नव्हे. चंद्राभोवती पडतं ते खळं, तसा अक्षराभोवती उजेड. हे दोन शब्द लिहिले की उलट अर्थ काढायला जागाच राहत नाही.

तिसरी जागा कडेची. "एज-लिट" फ्रेममध्ये दिवे चौकटीच्या कडांत लपवलेले असतात आणि मध्ये एक पारदर्शक अ‍ॅक्रेलिकची पाटी असते, जिला "लाइट गाइड प्लेट" किंवा थोडक्यात एलजीपी म्हणतात. कडेने शिरलेला उजेड त्या पाटीच्या आतल्या आत परावर्तित होत राहतो आणि पाटीवर कोरलेल्या ठिपक्यांपाशी किंवा रेघांपाशी बाहेर पडतो. म्हणूनच ही फ्रेम एखाद-दोन इंच जाडीत बसते. "स्लिम लाइट बॉक्स", "क्रिस्टल फ्रेम", "क्लिप-ऑन फ्रेम" ही बाजारातली नावं बहुधा याच जातीची. पण क्लिप-ऑन हा शब्द खरं तर फक्त चौकट उघडायची पद्धत सांगतो. क्लिपची चौकट आणि मागे साधी एलईडीची जाळी, असाही माल त्याच नावाने येतो. तेव्हा "एज-लिट, विथ एलजीपी" असं लिहून घ्या.

तिसरी पायरी: चित्र कशावर?

इथे तीन विशेषणं पाठ हवीत. "ट्रान्सपरंट" म्हणजे आरपार दिसणारं, "ट्रान्सलुसंट" म्हणजे उजेड जाऊ देणारं पण पलीकडचं न दाखवणारं, "ओपेक" म्हणजे दोन्ही अडवणारं. उजेडाच्या चित्राला मधलं लागतं. ट्रान्सपरंट घेतलंत तर मागची ट्यूब, वायर, पाल सगळं दिसेल. नवशिके "ट्रान्सपरंट फिल्म" मागवतात कारण शब्द ओळखीचा वाटतो. दुकानाच्या काचेवर चिकटवायची पारदर्शक व्हिनाइल यायची दाट शक्यता त्यातच असते.

बाहेरच्या मोठ्या बोर्डाला "बॅकलिट फ्लेक्स". पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर असतो आणि लांबून बघायचा म्हणून वीण खपते. जवळून बघायच्या फोटोला, म्हणजे हॉटेलचा मेनू, ज्वेलरीचा क्लोजअप, मिरजेच्या एखाद्या दवाखान्यातलं शरीररचनेचं चित्र, यांना "बॅकलिट फिल्म" घ्या. ती पॉलिस्टरची गुळगुळीत, दुधी पाटी असते. वीण नाही, बारीक अक्षर स्वच्छ उठतं. मॉलमध्ये किंवा प्रदर्शनात दिसतो तो बिनचकाकीचा, ताणलेला कापडी बोर्ड हा तिसरा प्रकार. त्याला "फॅब्रिक लाइट बॉक्स" म्हणतात, आणि कापडाच्या कडेला शिवलेली सिलिकॉनची पट्टी चौकटीच्या खाचेत दाबून बसवतात म्हणून "एसईजी" (सिलिकॉन एज ग्राफिक्स) हा संक्षेप जोडलेला असतो. घडी घालून कुरिअरने येतो ही त्याची मोठी सोय.

आणि मग "ट्रान्सलाइट". आपल्याकडे हा शब्द बहुतेक वेळा हॉटेलच्या काउंटरवरच्या उजळ मेनू बोर्डासाठी वापरतात, आणि त्यात फिल्म, फ्रेम, दिवा सगळंच धरलेलं असतं. पुरवठादाराला "ट्रान्सलाइट दोन नग" लिहिलंत तर तो फक्त छापील फिल्म पाठवेल की अख्खी पेटी, हे त्याच्या मर्जीवर. "ट्रान्सलाइट प्रिंट ओन्ली" किंवा "ट्रान्सलाइट बोर्ड, कम्प्लीट विथ फ्रेम" असं स्पष्ट करा. ऑनलाइन शोधताना तर स्पेलिंगही बघायला लागतं. शेवटी एल-आय-टी-ई लिहिलं की पिनबॉल नावाच्या जुन्या खेळाच्या यंत्रावरची चित्रं समोर येतात. तिथेही काचेमागच्या उजळत्या चित्राला हेच नाव आहे. शेवटी एल-आय-जी-एच-टी लिहिलं की सिनेमाच्या सेटवर खिडकीबाहेर लावतात तो शहराचा किंवा आभाळाचा प्रचंड, मागून उजळणारा पडदा येतो. सांगली नाट्यपंढरी आहे, कोणी नेपथ्यासाठी तसा पडदा मागायला आला तर मात्र हाच शब्द बरोबर.

"ड्युराट्रान्स" हा शब्दही कोटेशनमध्ये दिसतो आणि नवख्याला वाटतं, हे काहीतरी उंची फिल्मचं नाव असणार. आहे खरं, पण ते कोडॅक कंपनीचं ट्रेडमार्क आहे. ही फोटोग्राफीची सामग्री. तिच्यावर शाई फवारत नाहीत. प्रकाशाने चित्र उमटवतात आणि फोटोसारखं रसायनात धुतात. तिची पारदर्शक बहीण "ड्युराक्लिअर", फुजीची त्याच धर्तीची "फुजीट्रान्स". या जातीच्या चित्रांची ताकद कोडॅकने आधीपासून जगाला दाखवली होती. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं त्यांचा "कलरामा" उजळत होता, १८ फूट उंच आणि ६० फूट रुंद, आणि एवढ्या काळात त्यावर ५६५ चित्रं बदलली गेली. आज बाजारात "ड्युराट्रान्स" म्हणून जे देतात ते अनेकदा इंकजेटवर छापलेली बॅकलिट फिल्म असते. फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो तोच प्रकार. इंकजेट वाईट नाही, सांगलीच्या दुकानांना ती पुरते. फक्त दर ड्युराट्रान्सचा आणि माल इंकजेटचा, असं होऊ देऊ नका. विचारा, "फोटोग्राफिक आहे का इंकजेट?" एका प्रश्नात उत्तर मिळतं.

एक छोटा सापळा आणखी. "निऑन फ्लेक्स" मधला फ्लेक्स म्हणजे बॅनर नव्हे. ती सिलिकॉनच्या नळीत बसवलेली, वाकणारी एलईडीची पट्टी. कॅफेच्या भिंतीवर गुलाबी अक्षरं असतात ना, ती.

चौथी पायरी: छपाई कुठल्या बाजूने आणि किती दाट

"फ्रंट प्रिंट" म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूला शाई. "रिव्हर्स प्रिंट" म्हणजे मागच्या बाजूला, आरशातल्यासारखी उलटी छपाई, जी पुढून बघितली की सुलटी दिसते. शाई ओरखड्यांपासून वाचते. पारदर्शक अ‍ॅक्रेलिकवर रिव्हर्स छापताना मागे पांढऱ्या शाईचा थर लागतो, त्याला "व्हाइट लेअर" किंवा "व्हाइट बॅकिंग" म्हणायचं. तो विसरलात तर चित्र काचेवर सांडलेल्या रंगासारखं फिकं पडतं. फाइल आरशासारखी उलटी करायचं काम तुमचं की प्रिंटरवाल्याचं हे ठरवून घ्या. दोघांनी केलं तर ती पुन्हा सुलटी होते.

दाटपणाचा शब्द "डबल स्ट्राइक". साध्या बॅनरसाठी पुरेशी असलेली शाई मागून दिवा लागला की धुतल्यासारखी दिसते, काळा रंग तर राखाडीच होतो. म्हणून त्याच चित्रावर दुसऱ्यांदा शाई मारतात, किंवा पुढे आणि मागे दोन्हीकडून जुळवून छापतात. काही जण याला "डे-नाइट प्रिंट" म्हणतात, कारण दिवसा दिवा बंद असतानाही चित्र बरं दिसतं. सांगलीच्या हळदीचं पाकीट किंवा बेदाण्याचा फोटो असेल तर हे मागाच. हळदीचा पिवळा फिका पडला की गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बोलतं.

पाचवी पायरी: पेटी आणि दिवा

"ग्लो साइन" म्हणजे मुळात दिवे असलेली पेटी, जिच्या तोंडावर फ्लेक्स किंवा अ‍ॅक्रेलिक लावलंय. पूर्वी आत ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी मॉड्यूल. नाव तेच राहिलं. दोन्हीकडून दिसणारी, खांबावरची किंवा भिंतीतून बाहेर काढलेली असेल तर "डबल साइडेड" लिहायचं, आणि त्या पेटीत मधे आडपडदा हवा का तेही.

समोर दुधी अ‍ॅक्रेलिक हवं असेल तर शब्द "ओपल" किंवा "मिल्की व्हाइट". "फ्रॉस्टेड" निराळं, ते घासलेल्या काचेसारखं. उजेड ओपलइतका पसरत नाही. "डिफ्यूजर" म्हणजे दिवे आणि चित्र यांच्यामध्ये उजेड पसरवायला घातलेली कुठलीही पाटी. दिव्यांचे ठिपके चित्रातून दिसतात त्याला "हॉट स्पॉट" म्हणतात. पेटी उथळ आणि मॉड्यूल विरळ असले की ते हमखास दिसतात. दोन मॉड्यूलमधलं अंतर पेटीच्या खोलीपेक्षा जास्त ठेवू नका, एवढं सांभाळलं तरी बराच फरक पडतो.

दिव्याचा रंग केल्विनमध्ये लिहा. "व्हाइट" शब्दाने काही कळत नाही. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळट. भडंग, मिठाई, चहा यांच्या फोटोला निळसर उजेड मारला की पदार्थ शिळा वाटतो, आणि दवाखान्याच्या बोर्डाला पिवळट मारला की तो जुनाट वाटतो. माझं मत असं की खाण्याच्या फोटोला ४००० च्या आसपास राहावं.

बाहेरच्या बोर्डाला "आउटडोअर" एवढंच न लिहिता आयपीचा आकडा मागा. आयपी-६५ मधला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. आयपी-६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल असं. पण यावर विसंबून कोणी एसएमपीएस, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारा डबा, दुकानाच्या पायरीशी बसवू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी गावभागात किंवा पेठांत बघितलाय, त्यांना हे सांगायला नको. एसएमपीएस वर, छताजवळच.

सहावी पायरी: माप

तीन मापं असतात. "आउटर साइज" चौकटीसकट, "प्रिंट साइज" कागदाचं म्हणा फिल्मचं म्हणा पूर्ण माप, आणि "व्हिजिबल साइज" चौकट बसल्यावर उघडं दिसतं ते. मेनूतला शेवटचा दर चौकटीखाली जातो तो हे न लिहिल्यामुळे. रुंदी आधी, उंची नंतर, आणि फूट का इंच ते अक्षरात. ३ × २ बघून आडवा की उभा कळत नाही असं होऊ नये म्हणून "लँडस्केप" किंवा "पोर्ट्रेट" जोडा.

मजकूर मराठी असणारच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीत मराठी असणं सगळ्यांना बंधनकारक आहे, आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे फाइल पाठवताना अक्षरं "कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज" करा, म्हणजे फॉन्ट काढून त्यांचे नुसते आकार ठेवा. दिल्लीच्या किंवा बेंगळुरूच्या प्रिंटरकडे तुमचा मराठी फॉन्ट नसतो, आणि जुन्या फॉन्टातलं "गणेश" तिकडे इंग्रजी चिन्हांचा खिचडा होऊन उघडतं.

सातवी पायरी: ऑनलाइन शोधताना

एकटा शब्द टाकू नका, त्याच्या जोडीला वस्तू टाका. "लाइट बॉक्स" एकटा टाकलात तर चित्रकारांची ट्रेसिंगची पाटी, वस्तूंचे फोटो काढायचा पांढरा तंबू आणि वेबसाइटवर फोटो मोठा करून दाखवणारा कोड, सगळं येतं. "बॅकलिट इमेज" टाकलं की सूर्याकडे तोंड करून काढलेले फोटो दिसतात, कारण छायाचित्रकारांच्या भाषेत तोच अर्थ. "इल्युमिनेटेड" टाकलं तर सोनेरी वर्ख लावलेल्या मध्ययुगीन हस्तलिखितांची पानं. सुंदर असतात, बघत बसायला हरकत नाही, पण बोर्ड मिळत नाही. "ट्रान्सपरन्सी" टाकलं की पार्श्वभूमी नसलेल्या फाइली.

जोड्या अशा लावा: "बॅकलिट फिल्म रोल", "एलईडी लाइट बॉक्स साइनेज", "ट्रान्सलाइट मेनू बोर्ड", "एसईजी फॅब्रिक फ्रेम", "हेलो-लिट लेटर साइन". आणि मिरजेत काम करत असाल तर एक खास ध्यानात ठेवा. १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झाल्यापासून हे गाव दवाखान्यांचंच. तिथला डॉक्टर "लाइट बॉक्स" म्हणाला तर बहुधा त्याला एक्स-रे बघायची पेटी हवी असते. तिचं नाव "एक्स-रे व्ह्यू बॉक्स", ती वैद्यकीय सामानवाल्याकडे मिळते, आणि तिच्यात आपल्या छपाईचा काही संबंध नाही. "सर, फोटो लावायचाय का फिल्म बघायचीय?" एवढं विचारायचं.

आठवी पायरी: ऑर्डरचं वाक्य

आता सगळं एका ओळीत. मेनू बोर्डासाठी असं: "बॅकलिट फिल्म, इंकजेट, मॅट, फ्रंट प्रिंट, डबल स्ट्राइक, प्रिंट साइज विड्थ ३६ बाय हाइट २४ इंच, व्हिजिबल ३५ बाय २३, लँडस्केप, एज-लिट स्लिम फ्रेम विथ एलजीपी, सिंगल साइड, इनडोअर, ४००० केल्विन, कम्प्लीट सेट, क्वांटिटी २." दुकानाच्या दर्शनी बोर्डासाठी: "ग्लो साइन बॉक्स, बॅकलिट फ्लेक्स फेस, सिंगल साइड, आउटडोअर आयपी-६५ मॉड्यूल, ६५०० केल्विन, आउटर साइज विड्थ १० बाय हाइट ३ फूट." अक्षरांची ओळ वेगळी लिहा, त्यात फेस-लिट की हेलो-लिट ते पहिलं.

या ओळीसोबत हातानेच एक चित्र काढून मोबाइलवर फोटो पाठवा. पेटीचा आडवा छेद: भिंत, दिवे, डिफ्यूजर, फिल्म, बघणारा डोळा, आणि उजेडाचा बाण. पुरवठादार गुजराती असो की तमिळ, बाण सगळ्यांना कळतो.

माल आल्यावर

गुंडाळी उघडा आणि ट्यूबलाइटसमोर धरा, टेबलावर पसरून बघू नका. टेबलावर डबल स्ट्राइकचं प्रिंट काळपट, खराब वाटतं. उजेडासमोर ते बरोबर असतं. साधं प्रिंट टेबलावर छान आणि उजेडासमोर उडालेलं. काळा रंग, चेहऱ्यांचा रंग आणि कडेचे दर एवढं तपासलं की पुरे. मग बिल बघा. पुरवठादाराने त्या वस्तूला त्याच्या बिलात कुठलं नाव दिलंय ते वहीत, त्याच्या फोन नंबरशेजारी उतरवून ठेवा. तो फिल्मला "ट्रान्सलाइट शीट" म्हणत असेल तर म्हणू दे. पुढची ऑर्डर त्याला त्याच्याच शब्दात द्या, आणि पुढे आपली ओळ जोडा.